बांधकामाची रजाचिठ्ठी देताना मुलंही मोजा

मा. आयुक्त, वडोदरा महानगरपालिका,
मा. अध्यक्ष, स्थायी समिती,
मा. अध्यक्ष व सदस्य, नगर प्राथमिक शिक्षण समिती,
मा. अध्यक्ष, वुडा (वडोदरा नागरी विकास प्राधिकरण)

यांस सविनय नमस्कार.

मी दांडिया बाजारात राहते. प्राथमिक शाळेत चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झाले. आमच्या गल्लीत या वर्षी दिवाळीनंतर आणखी एक वाडा उतरवला. सागवानी खांब, कोरीव कमानी, दगडी जोती, सगळं टेम्पोत भरून गेलं आणि त्या जागी आता पत्र्याचं कुंपण उभं आहे. कुंपणावर बोर्ड लागलाय: २ आणि ३ बीएचके, लिफ्ट, अलॉटेड पार्किंग.

मला त्या बोर्डाचा राग येत नाही. हे आधीच सांगते, कारण जुन्या शहरात राहणारी म्हातारी नवीन इमारतींबद्दल पत्र लिहिते म्हटल्यावर ती रडगाणंच गाणार असं वाटणं साहजिक आहे. त्या वाड्यात शेवटी दोनच बिऱ्हाडं उरली होती. पावसाळ्यात माळवदाखाली बादल्या लावून बसायची. एका घरातला मुलगा भायलीला गेला, दुसऱ्याचा पुण्याला. माझाही मुलगा लग्नानंतर आठ वर्षं गोत्रीला भाड्याने राहिला, कारण आमच्या घरात त्याच्या संसाराला जागा नव्हती. गेल्या वर्षी जवळच्याच एका नव्या इमारतीत फ्लॅट घेऊन तो परत आला आणि संध्याकाळी नात ओट्यावर येऊन बसायला लागली. मांडवीपासून लहरीपुऱ्यापर्यंत आणि रावपुऱ्यापासून कोठीपर्यंतचं शहर म्हाताऱ्यांचं आणि गोदामांचं होत चाललं होतं. तिथे पुन्हा तरुण कुटुंबं येत असतील तर त्याहून चांगली गोष्ट नाही. शहर सगळं वाघोडिया आणि पाद्र्याच्या शेतांवरच का वाढावं? घरं हवीत. जुन्या शहरात तर हवीतच.

पण त्या घरांत मुलं राहायला येणार आहेत, आणि रजाचिठ्ठी, म्हणजे बांधकामाची परवानगी, देताना ती मुलं कुणी मोजत नाही. एवढ्यासाठी हे पत्र.

माझी नात दुसरीत आहे. तिच्या शाळेचं नाव लिहीत नाही, कारण दोष त्या शाळेचा नाही. तिच्या वर्गात बासष्ट मुलं आहेत. दोघांच्या बाकावर तिघं. मधल्या मुलाला लिहिताना कोपर वर उचलावं लागतं, म्हणून बाईंनी दर आठवड्याला जागा बदलायची पद्धत ठेवली आहे. वर्ग दोन पाळ्यांत चालतो. सकाळची पाळी सुटते तेव्हा दुपारच्या पाळीची मुलं फाटकाबाहेर उन्हात उभी असतात, आणि त्याच गल्लीत मुलांची ने-आण करणाऱ्या वर्दीच्या रिक्षा, व्हॅन, दुधाच्या गाड्या आणि आता बांधकामाचे डंपर. मध्यंतरी एके दिवशी ती घरी आली आणि दप्तर न ठेवताच म्हणाली, "आजी, आज बाईंनी मला उभं करून वाचायला सांगितलं." तिचा चेहरा फुलला होता. मी विचारलं, याआधी कधी सांगितलं होतं? तिला आठवेना. मी शिक्षिका आहे, मला हिशेब कळतो. पस्तीस मिनिटांच्या तासात बासष्ट मुलांना एकेकदा वाचायला सांगायचं तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अर्धं मिनिट येतं. त्या बाई वाईट शिकवत नाहीत. त्या घसा बसेपर्यंत शिकवतात. पण जे मूल मागे पडतंय ते बासष्टांत दिसतच नाही, आणि दिसेपर्यंत ते चौथीत गेलेलं असतं.

शिक्षण हक्क कायदा, २००९, पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक सांगतो, सहावी ते आठवीसाठी पस्तीस. प्रत्येक शिक्षकाला निदान एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, खेळाचं मैदान, कुंपण. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. आता वर्गखोल्या रजाचिठ्ठीच्या फाईलमध्ये उगवत नाहीत हे मलाही कळतं. तरीही फाईलमध्ये पार्किंग मोजलं जातं, जिन्याची रुंदी मोजली जाते, अग्निशमनाची टाकी, लिफ्ट, कडेची मोकळी जागा, पावसाचं पाणी जिरवण्याची सोय, सगळं मोजलं जातं. एका फ्लॅटमागे गाडी किती जागा घेईल याचा नियम आहे. त्याच फ्लॅटमागे बाकावर किती जागा लागेल याचा नाही.

हिशेब अवघड नाही. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत पाच हजार वस्तीमागे एक प्राथमिक शाळा धरलेली आहे: पाचशे मुलं, ०.४० हेक्टर जागा, म्हणजे चार हजार चौरस मीटर. एका घरात चार माणसं धरली तर दोनशे फ्लॅटची एक स्कीम म्हणजे आठशे माणसं आणि पहिली ते पाचवीची ऐंशी मुलं. तीसच्या हिशेबाने जवळजवळ तीन वर्ग. अशा सहा स्कीम एका वॉर्डात झाल्या की एक अख्खी प्राथमिक शाळा लागते. या सहा स्कीम सहा वेगवेगळ्या फाईलींत, सहा वेगवेगळ्या महिन्यांत येतात. प्रत्येक फाईल एकटी बघितली तर तिच्यामुळे शाळा भरली असं कुणालाच म्हणता येत नाही. बिल्डरही खोटं बोलत नसतो. त्याच्या इमारतीत खरंच थोडीच मुलं असतात. भार साचतो तो वर्गात, आणि तिथे आपल्यापैकी कुणी बसत नाही.

मी माझ्यापुरतं मोजून पाहिलं. आमच्या पोळीच्या, म्हणजे जुन्या शहरातल्या आमच्या गल्लीवजा वस्तीच्या, आजूबाजूला गेल्या काही वर्षांत चार जुने वाडे जाऊन चार इमारती उभ्या राहिल्या. पूर्वी त्या चारही वाड्यांत मिळून अकरा बिऱ्हाडं होती आणि शाळेत जाणारी पाच मुलं. आता अठ्ठावन्न फ्लॅट आहेत. दुपारी चारनंतर एकेका इमारतीच्या पार्किंगमध्ये जाऊन बसले, आयांशी बोलले, वहीत लिहून घेतलं. तीन ते चौदा वयाची सत्तेचाळीस मुलं निघाली. ती नऊ वेगवेगळ्या शाळांत जातात. सहा मुलं तर रोज शहराबाहेरच्या शाळेत जातात, सकाळी सहाला उठून, कारण जवळच्या शाळेत वेटिंग लिस्टवर नाव होतं ते तसंच राहिलं. उलट भायली-सेवासीकडची काही मुलं व्हॅनने आमच्या भागात शिकायला येतात, कारण तिकडे घरं आधी झाली आणि परवडणारी शाळा अजून झाली नाही. सकाळी अकोटा पुलावर या दोन्ही व्हॅन एकमेकींसमोरून जातात. त्यांतली अर्धी मुलं पेंगत असतात.

ही मोजणी खरं तर माझ्यासारखीने वही घेऊन करायची नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या नवव्या कलमात स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्यं लिहिली आहेत. जवळपासची शाळा उपलब्ध करून देणं हे एक. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणं हे दुसरं. महानगरपालिका म्हणजे स्थानिक प्राधिकरण. एकाच महानगरपालिकेत एका बाजूला नगररचना विभाग फ्लॅट मंजूर करतो आणि दुसऱ्या बाजूला शिक्षण समिती मुलं मोजते. हे दोन कागद एका टेबलावर यावेत एवढीच पहिली विनंती आहे. जनगणनेची वाट पाहू नका. शेवटची जनगणना २०११ ची, पुढची २०२७ ची. २०११ साली जन्मलेलं मूल तोवर दहावीची परीक्षा देऊन बसलेलं असेल.

आणि हे बडोद्यात अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. बडोद्यात तर मुळीच नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातल्या काही गावांत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं: सात ते बारा वर्षांचे मुलगे, सात ते दहा वर्षांच्या मुली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये कलकत्त्याच्या विधिमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. सक्ती करायची तर आधी गावागावात मूल कुठे आहे हे माहीत असावं लागतं. ज्याचं नावच नोंदलेलं नाही त्याला शाळेत आणणार कसं? ना संगणक, ना आधार, आणि तरी त्या काळच्या कारकुनांनी ते केलं. माझे आजोबा अशाच एका शाळेत शिकले. ते सांगायचे, महाराजांच्या राज्यात मूल लपवता येत नव्हतं. आज माझ्या पोळीतली सत्तेचाळीस मुलं लपलेली नाहीत, पार्किंगमध्ये क्रिकेट खेळतायत. कागदावर मात्र ती नाहीत.

आता जमिनीचं बोलते, कारण शेवटी सगळं तिथेच अडतं.

शहराच्या कडेला आपल्याकडे टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना, होते. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्यात ही पद्धत फार विचाराने बसवलेली आहे, आणि तिचा मला अभिमान वाटतो. शेतकऱ्याची सगळी जमीन हिसकावून न घेता सगळ्यांकडून थोडी थोडी कपात करायची आणि उरलेली नीट आखून परत द्यायची. चाळिसाव्या कलमात त्या कपातीचा वाटा सांगितला आहे: पंधरा टक्के रस्त्यांना, पाच टक्के बागा, मैदानं, मोकळ्या जागांना, पाच टक्के सामाजिक सोयींना, आणि पंधरा टक्के विकून त्या पैशांतून त्याच भागात सोयी करायच्या. हे प्रमाण भागाच्या स्वरूपाप्रमाणे कमीजास्त करता येतं. त्या पाच टक्के सामाजिक सोयींत शाळा आहे, पण दवाखानाही आहे, अग्निशमन केंद्रही आहे, इतर सार्वजनिक सोयीही आहेत. शाळेचं स्वतःचं ताट नाही, पंगतीतली एक जागा आहे. बागा-मैदानं आणि सामाजिक सोयींच्या या जमिनी पुढे फेरफार करून खासगी कामाला देता येत नाहीत असंही कायदा सांगतो. पण एका सार्वजनिक कामाची जागा दुसऱ्या सार्वजनिक कामाला वळवायला वाट मोकळी राहते. शाळेच्या प्लॉटवर पाण्याची टाकी आली, वॉर्ड ऑफिस आलं, तर कायदा मोडला असं म्हणता येणार नाही. शाळा मात्र गेली ती गेलीच.

टीपीचा मसुदा होताना मालकांची सभा बोलावतात. कुणाची जमीन किती कापली, फायनल प्लॉट रस्त्यावर पडला की मागे, यावर लोक तावातावाने भांडतात, आणि भांडावंच, त्यांच्या पिढ्यांची जमीन आहे. पण त्या सभेत ज्यांच्यासाठी शाळेचा प्लॉट ठेवायचा ते नसतात. त्या फ्लॅटांत राहायला येणारे आईबाप अजून दुसऱ्याच कुठल्या शहरात असतात, आणि मुलांपैकी काही तर जन्मलेलीही नसतात. त्यांच्या बाजूने बोलणारं त्या खोलीत आपल्याशिवाय कुणी नाही. म्हणून मसुद्यातच "सामाजिक सोय" असं मोघम न लिहिता त्या प्लॉटवर "प्राथमिक शाळा" असं नाव घाला, आणि त्याचा वापर बदलायचा झाला तर त्याच टीपीत तेवढीच दुसरी जागा दाखवल्याशिवाय करू नका. भायली, सेवासी, बिल, वेमाली ही गावं २०२० मध्ये शहराच्या हद्दीत आली. तिथे अजून पुष्कळ जमीन मोकळी आहे. दहा वर्षांनी हेच पत्र लिहायला घेणाऱ्या माणसाच्या हातात तीही नसेल.

जुन्या शहराचं दुखणं वेगळं आहे. इथे वाडा पाडून इमारत होते तेव्हा टीपीसारखी कपात होत नाही. वाडा तीन हजार फुटांचा, त्यातून शाळेला काय कापणार? जमीन मिळत नाही, पण पैसे मिळतात. प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं ती मर्यादा म्हणजे एफएसआय; मूळ एफएसआयवर जो जादा एफएसआय पैसे भरून मिळतो, त्यातून महानगरपालिकेकडे रक्कम येते. ती ज्या वॉर्डात मजले वाढले त्या वॉर्डातल्या शाळांवर ठरलेल्या वाट्याने खर्च व्हावी, आणि तो हिशेब दरवर्षी वॉर्डनिहाय जाहीर व्हावा. मजला आमच्या डोक्यावर आणि पैसा दुसऱ्या टोकाच्या उड्डाणपुलात, असं होऊ नये.

जागा नाहीच म्हणता? मी एका जुन्या शाळेच्या इमारतीत पंधरा वर्षं काम केलं. तिथे एके काळी मराठीचे चौदा वर्ग भरायचे. मी निवृत्त झाले तेव्हा तळमजल्यावर चार भरत होते आणि वरच्या खोल्यांना कुलपं होती. आत मोडके बाक, जुने नकाशे, निवडणुकीच्या मतपेट्या. त्याच रस्त्यावर दीडशे पावलांवर बासष्ट मुलांचे वर्ग भरतात. मराठी माध्यम का रोडावलं हा माझ्या काळजातला विषय आहे आणि त्यावर मी कितीही लिहू शकेन, पण आज त्यासाठी भांडत नाही. खोली रिकामी आहे आणि मूल दाटीत बसलंय, एवढंच बघा. त्याच इमारतीत एका मजल्यावर मराठी, एका मजल्यावर गुजराती, एका मजल्यावर इंग्रजी वर्ग का भरू नयेत? बडोद्याची मुलं एकाच पोळीत तीन भाषा बोलत वाढतात. मधल्या सुट्टीत ती आपोआप एक होतील. माझी विनंती एवढीच की अशा इमारती "वापरात नाहीत" म्हणून पार्किंगला किंवा दुकानांच्या गाळ्यांना देऊ नका. एकदा गेलेली शाळेची जागा गावठाणात परत मिळत नाही. शंभर वर्षांत मिळालेली मी तरी पाहिली नाही.

मुलांना जागा मिळाली नाही की ती कुठे जातात हेही आपल्याला ठाऊक आहे. शाळेत लक्ष पुरत नाही म्हणून क्लास. क्लासला मैदान नको, कुंपण नको, म्हणून तो व्यापारी इमारतीच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर. २४ मे २०१९ ला सुरतच्या सरथाणा भागात अशाच इमारतीत आग लागली आणि बावीस विद्यार्थी गेले. ती दृश्यं ज्यांनी टीव्हीवर पाहिली ते विसरलेले नाहीत. त्यानंतर नोटिसा निघाल्या, तपासण्या झाल्या, त्या व्हायलाच हव्या होत्या. पण मुलं तिथे का चढून गेली होती हा प्रश्न नोटिशीत मावत नाही.

१९१६ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी बडोदे शहराच्या विकासाचा अहवाल लिहिला. ते सरधोपट पाडापाडीच्या विरोधात होते. दाट वस्तीत एखाददुसरं मोडकळलेलं घर काढून तिथे हवा आणि उजेड आणायचा, ही त्यांची पद्धत. आपल्याला आज तीच उलट्या बाजूने वापरता येईल. ज्या गल्लीत शाळेच्या भिंतीला लागून वाडा उतरतोय, तिथे त्या मालकाला वर एखादा मजला जादा द्या आणि खालची पाचशे-सहाशे फूट जागा शाळेच्या अंगणाला घ्या. बिल्डरचं नुकसान नाही, मालकाचं नाही. नातीच्या शाळेला आज इतकंही अंगण नाही. प्रार्थना जिन्यात होते.

काही जण म्हणतील, मग शाळा भरलेल्या वॉर्डात रजाचिठ्ठ्याच बंद करा. मी त्या मताची नाही. बंद केल्या तर घरं महाग होतील, माझ्या मुलासारखे पुन्हा गोत्रीला जातील, आणि वाडे पावसात आपोआप कोसळतील, माणसांसकट. शिवाय ज्याला आपल्या गल्लीत नवीन लोक नको असतात तोही शाळेचंच कारण पुढे करतो. अमक्या भागातले, तमक्या जातीचे लोक नकोत हे उघड बोलता येत नाही म्हणून. मुलांच्या आडून असं बोलणाऱ्यांबरोबर मला उभं राहायचं नाही. माझ्या वर्गात पावागडहून आलेली मुलं होती, विदर्भातून आलेली होती, बिहारमधून आलेली होती. येणाऱ्याला घर आणि त्याच्या मुलाला बाक, दोन्ही द्यायची ताकद या शहरात आहे.

म्हणून मागणं घरं थांबवण्याचं नाही, क्रम लावण्याचं आहे. मोठ्या स्कीमच्या रजाचिठ्ठीच्या फाईलमध्ये एक पान शिक्षण समितीचं असावं: या पत्त्यापासून चालत एक किलोमीटरच्या आत कोणत्या प्राथमिक शाळा आहेत, त्यांत आज किती मुलं, किती खोल्या, किती जागा शिल्लक. बांधकामाला दोन-तीन वर्षं लागतात. तेवढ्यात दोन खोल्या वाढवता येतात, कुलूप उघडता येतं, शिक्षकांची मागणी नोंदवता येते. आणि बीयू परमिशन, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, देण्याच्या दिवशी ते पान पुन्हा उघडून बघावं. जागा झालीच नसेल तर का झाली नाही हे त्याच पानावर कुणाच्या तरी सहीने लिहिलेलं असावं. सही करावी लागली की माणूस आधीच फोन करतो. चौतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत मी एवढं शिकले आहे.

माझी वही तयार आहे. चार इमारती, अठ्ठावन्न फ्लॅट, सत्तेचाळीस मुलं. वय, इयत्ता, शाळा कुठे, कशाने जातात. नावं लिहिलेली नाहीत. नवीन बोर्ड लागलेल्या वाड्याच्या जागी आणखी सोळा फ्लॅट होणार आहेत, त्यांच्यासाठी एक पान कोरं ठेवलं आहे. नवं सत्र जूनमध्ये सुरू होतं. त्याआधी कुठल्या दिवशी, कुठल्या मजल्यावर, कुठल्या टेबलावर ही वही आणून द्यायची तेवढं कळवावं. माझ्याबरोबर आमच्या पोळीतल्या दोन आया येतील. दोघींनाही दुपारी साडेबाराच्या आत परतावं लागतं, तेव्हा वेळ सकाळची ठेवावी.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे